यात काय आहे?

आमची आई गेली काही वर्षे एक प्रश्न रोज विचारते. पानात काहीही वाढा, अगदी तिच्या डोळ्यांदेखत परतलेले पोहे असोत, ती आधी बशीकडे पाहते, मग माझ्याकडे पाहते आणि विचारते, “यात काय आहे?” पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला विस्मरण होत असेल, असे पाहुण्यांना वाटते. तसे काही नाही. हरिपाठ तिला आजही तोंडपाठ आहे. कोणत्या भाचीच्या लग्नात कोणाला कसले लुगडे दिले आणि कोणी ते नाक मुरडून घेतले, हेही तोंडपाठ आहे. ‘यात काय आहे’ ही तिला मी लावलेली सवय आहे. ती कशी लागली हे सांगायचे तर मला वाचकांना जरा दूर, जर्मनीत, एका केकच्या बशीपर्यंत न्यावे लागेल. चकली-करंजीच्या दिवसांत केकची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी पाहिजे तर आधी फराळ उरकून घ्यावा.

मी वाईची. मॅट्रिक झाले, चित्रकला शिक्षिकेची पदविका घेतली आणि शाळेत लागले. कॉलेजचे तोंड पाहिले नाही. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तत्त्वज्ञान मला कोणी रीतसर शिकवलेले नाही. जे काही वाचले ते गरज पडली तेव्हा, म्हणजे चूक करून झाल्यावर वाचले आहे.

२०२३ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई आणि मी जर्मनीला गेलो. बहीण आणि मेहुणे फ्रायबुर्ग शहराजवळच्या एका खेड्यात राहतात. एका अंगाला ब्लॅक फॉरेस्टचे गर्द डोंगर, दुसऱ्या अंगाला द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, आणि खुद्द शहरात रस्त्यांच्या कडेने खळखळत जाणारे दगडी पाट. पाहुण्याचा पाय चुकून त्या पाटात पडला तर तो फ्रायबुर्गचा जावई होतो म्हणे. आईने हे ऐकले आणि ती पाचही आठवडे त्या पाटांपासून चार हात दूर चालली.

आई माळकरी आहे. वयाच्या चाळिसाव्या वर्षी तिने आळंदीला गळ्यात तुळशीची माळ घातली. त्या दिवसापासून मांस, मासळी, अंडे वर्ज्य. इतरांनी काय खावे याबद्दल तिचे काही म्हणणे नसते. माझे यजमान बाहेर आम्लेट खातात हे तिला ठाऊक आहे. ती त्यांना कधी एका शब्दाने बोललेली नाही. पण स्वतःपुरता तिचा नेम कडक. विमानात तिने दशम्या आणि मेतकूट-भातावर निभावले, आणि हवाई सुंदरीने पुढे केलेला पाव तीनदा विचारून मगच घेतला.

बहिणीच्या समोरच्या घरात एक वृद्ध बाई राहतात. सगळी गल्ली त्यांना ‘ओमा’ म्हणते. ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजी. बाळ घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, ओमा दोन्ही हातांत एक मोठी थाळी तोलत आल्या. जर्मन माणसाची दुपारची कॉफी केकवाचून होत नाही, आणि रविवारी तर तो एक लहानसा सणच असतो. त्या लोकांत साध्या केकला एक नाव आणि थरांच्या, आत काही भरलेल्या केकला दुसरे नाव आहे. या दुसऱ्याला ते ‘टोर्ट’ म्हणतात. ओमांनी आणली होती ती स्ट्रॉबेरीची टोर्ट. पिवळसर, कापसासारख्या केकचे दोन थर, मध्ये पांढरे शुभ्र घुसळलेले क्रीम आणि फळांच्या चकत्या, आणि वर देठ काढलेल्या अख्ख्या स्ट्रॉबेऱ्या टोके वर करून एकीला एक लावून बसवलेल्या. त्यांवर काचेसारखा पातळ लाल गिलावा. स्ट्रॉबेरी आम्हा वाईकरांना नवी नाही. पसरणी घाट चढून गेले की पाचगणी-महाबळेश्वरची शेते लागतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण असा थाट आम्ही कधी पाहिला नव्हता.

ओमांनी स्वतः तुकडे कापले, पहिली बशी आईपुढे ठेवली आणि समोरच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसल्या. आईच्या तोंडाकडे पाहू लागल्या. बहीण आत बाळाला पाजत होती. आईने हसऱ्या चेहऱ्याने, त्यांना मराठी कळत नाही हे जाणून, मला हळूच विचारले, “यात अंडं नाही ना गं?”

मी म्हणाले, “नाही गं. खा तू.”

आईने खाल्ले. आवडीने खाल्ले. दुसरा तुकडा मागून घेतला, आणि ओमांच्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, “फार छान.” ओमांना ते मराठीतूनच कळले.

वाचकांपैकी निम्म्यांनी तरी या ठिकाणी मला माफ करून टाकले असेल, याची मला कल्पना आहे. मीही केले होते. सत्तरी ओलांडलेली एक परकी बाई सकाळपासून खपून काही करून आणते. तिच्या तोंडावर ते परत सारायचे? बरे, तिला दोष कसा द्यावा? बहिणीने तिला ‘आई मांस खात नाही’ एवढे सांगितले होते, आणि तिकडच्या शाकाहारात अंडे चालते. एका अंड्याने असे काय बुडते? आणि नकळत घडलेल्याचे पाप नसते, असे आपल्यातच म्हणतात. इतकी कारणे माझ्यापाशी संध्याकाळपर्यंत जमली. खरे बोललेल्या माणसाला इतकी कारणे लागत नाहीत, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते.

त्या आठवड्यात आम्ही बाळासाठी काही घ्यायला चालत निघालो, तर वाटेत फुलांचे शेत लागले. शेतात माणूस नाही, कुंपण नाही. एक फळी, तीवर फुलांचे दर लिहिलेले. फुले कापायला एक सुरी. आणि खांबाला ठोकलेली एक लोखंडी पेटी. हवी तेवढी फुले कापा, मोजा, पैसे पेटीत टाका आणि जा. अशी शेते त्या देशात पुष्कळ आहेत. आईला हे खरेच वाटेना. मी फळीवरचे दर तिला वाचून दाखवले, तिने पाच फुले कापली, दोनदा मोजली आणि नाणी माझ्याकडून घेऊन स्वतःच्या हाताने पेटीत टाकली. नाणी खाली पडल्याचा आवाज होईपर्यंत ती कान देऊन उभी राहिली. परत येताना म्हणाली, “बघणारं कोणी नाही, तरी माणसं खोटं वागत नाहीत. चांगला मुलूख आहे.”

मी काही बोलले नाही.

पुढच्या शनिवारी ओमांनी मला टोर्ट शिकवायला बोलावले. मला त्यांचे जर्मन येत नव्हते, त्यांना माझे इंग्रजी येत नव्हते. पण स्वयंपाकघरात बायकांचे भाषेवाचून अडत नाही. २६ सेंटिमीटरचे गोल भांडे, ज्याची कड एक कळ दाबली की उघडून बाजूला निघते. ५ अंडी, १५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम मक्याचे सत्त्व, चिमूटभर मीठ. एवढेच. मी सवयीने सोड्याचा डबा शोधू लागले, तर ओमांनी माझा हात धरला आणि जोराने मान हलवली. सोडा नाही, खमीर नाही. मग हे फुगणार कशाने? त्यांनी अंड्याकडे बोट दाखवले.

त्यांनी पांढरे आणि पिवळे वेगळे केले. पांढऱ्यात पिवळ्याचा एक ठिपका पडला, तर तेवढ्यासाठी चमच्याने तो टिपून काढला. त्यातली चरबी पांढऱ्याला नीट फुलू देत नाही. मग ते पांढरे फेटू लागल्या. दूधपाण्यासारखे पातळ द्रव्य पाहता पाहता फेस झाले, फेसाचे बर्फ झाले, आणि शेवटी त्यांनी वाडगे माझ्या डोक्यावर उपडे धरले. एक थेंब पडला नाही. पिवळे साखरेबरोबर फिके होईपर्यंत फेटून त्यात मिळवले, वर मैदा चाळला आणि मग हात एकदम हळू केला. ढवळायचे नाही, खालून वर उचलून पलटायचे. ढवळले की कोंडलेली हवा निसटते, आणि त्या हवेवाचून या केकला दुसरा आधार नाही. भट्टीच्या उष्णतेने ती हवा फुगते, अंडे तिच्याभोवती घट्ट होते आणि मैदा मागून येऊन त्या भिंती सावरतो. भांड्याच्या कडेला तूपही लावायचे नाही, बुडाशी फक्त कागद. कारण पीठ त्या कोरड्या कडेला धरूनच वर चढते. १८० अंशांवर सुमारे अर्धा तास, आणि तोवर भट्टीचे दार उघडायचे नाही.

मी हे सारे वहीत उतरवून घेत होते आणि माझी पेन्सिल मंद होत चालली होती. आपल्याकडच्या भाजणीत एखादी डाळ कमी-जास्त असावी तसे त्या केकमध्ये अंडे असेल, अशी माझी समजूत होती. इथे तर अंडे हाच केक होता. बाकी सगळे त्याच्या अंगावर. मी आईला एका क्षुल्लक गोष्टीबद्दल खोटे बोलले, हा माझा आधार त्या अर्ध्या तासात गेला.

आणि ती अंडीही कशी! त्या देशात प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो. पहिला आकडा शून्य असेल तर कोंबडी सेंद्रिय पद्धतीने वाढवलेली, एक असेल तर मोकळी हिंडणारी, दोन असेल तर बंद गोठ्यात जमिनीवर, तीन असेल तर पिंजऱ्यातली. मग देशाची अक्षरे, मग शेताचा क्रमांक. खाणाऱ्याला कळावे म्हणून अंड्यालाही आपला पत्ता सांगावा लागतो. त्यांच्या प्रसिद्ध ब्लॅक फॉरेस्ट केकचीही तीच तऱ्हा. अधिकृत मार्गदर्शिकेत लिहून ठेवले आहे की त्या नावाने विकायचा तर त्यात किर्शवासर, म्हणजे चेरीची दारू, असलीच पाहिजे आणि ती चवीला जाणवली पाहिजे. आपल्याकडे त्याच नावाचा केक गल्लोगल्ली मिळतो. त्यात दारू नसते ते ठीकच. पण वरची लालबुंद चेरीदेखील पुष्कळदा पाकवून रंगवलेले करवंद असते. डोंगरची काळी मैना अशी चेरी होऊन बसलेली पाहिली की मला हसू येते. त्या दिवशी आले नाही. मी तरी दुसरे काय केले होते?

केक रात्रभर झाकून ठेवला. शिळा झाल्यावर तो चांगला कापला जातो. दुसऱ्या दिवशी ओमांनी सुरीने त्याच्या कमरेभोवती एक बारीक खाच पाडली, खाचेत शिवणाचा दोरा बसवला, दोन टोके एकमेकांवरून घेतली आणि ओढली. दोरा आत आत जात नाहीसा झाला आणि केकचे दोन सारखे थर झाले. सुरीने इतके सरळ कधी जमत नाही. खालच्या थरावर मुरंबा, त्यावर क्रीम आणि फळे, वर दुसरा थर, पुन्हा क्रीम, पुन्हा फळे. गिलाव्याची पूड एका पाकिटातून आली. पाव लिटर पाण्यात शिजवून ती ओतायची. क्रीम ताठ राहावे म्हणून काही बायका त्यात जिलेटिन घालतात. जिलेटिन म्हणजे जनावराच्या कातड्याचा नि हाडांचा अर्क, तिकडे बहुधा डुकराचा. मी घाईघाईने खुणा करून विचारले. ओमा म्हणाल्या, त्या घालीत नाहीत. गिलाव्याच्या पाकिटावरची यादी बहिणीकडून वाचून घेतली. तीही वनस्पतीची निघाली. मला केवढे हायसे वाटले! जणू आईच्या गळ्यातल्या माळेचे चार मणी तरी मी वाचवले होते. खोटे बोललेला माणूस असा वाण्यासारखा हिशेब मांडत बसतो; एवढे बुडवले, पण एवढे तर नाही ना बुडवले.

परतल्यावर मी वाचायला घेतले. या जर्मनांचाच एक मोठा तत्त्ववेत्ता, कांट, याने १७९७ साली एक छोटा निबंध लिहिला आहे. घरात लपलेल्या तुमच्या मित्राला मारायला खुनी दारात आला आणि ‘तो आत आहे का’ म्हणून विचारू लागला, तरीही खोटे बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही, असे तो म्हणतो. मला हे पटत नाही. आपल्या महाभारतात कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. नेहमी खरेच बोलायचे, असे व्रत घेतलेल्या त्या ब्राह्मणाने पळणाऱ्या माणसांची वाट लुटारूंना खरी खरी दाखवली. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. मला कौशिकाची गोष्ट अधिक शहाणी वाटते. पण तिचा मला उपयोग काय? माझ्या दारात खुनी कुठे होता? केक घेऊन आलेली एक म्हातारी होती. जीव वाचवण्यासाठी दिलेली सवलत लाज वाचवण्यासाठी वापरणे, हा कृष्णाचा गैरफायदा झाला.

खरे बोट ठेवले ते गांधीजींनी. १८८८ साली विलायतेला जाण्यापूर्वी त्यांनी आईपुढे मांस न खाण्याची प्रतिज्ञा केली होती. आत्मकथेत ते सांगतात की तिकडे मांस या शब्दाच्या निरनिराळ्या व्याख्या त्यांना भेटल्या. एका व्याख्येप्रमाणे तर अंडे हे मांसच नव्हे. तिच्या आधाराने त्यांनी काही दिवस अंडी खाल्ली. मग त्यांच्या ध्यानात आले की प्रतिज्ञा आईपुढे केली आहे, तेव्हा शब्दाचा अर्थही आईच्या मनातलाच धरला पाहिजे. आणि आईच्या मनात मांसात अंडे येत होते. त्यांनी अंडी सोडली. अडचण अशी की पुष्कळशा पुडिंगांत आणि केकमध्ये अंडे असते. त्यामुळे खाणावळीत बसून प्रत्येक पदार्थाबद्दल ‘यात काय आहे’ असे विचारण्याचा अवघडपणा त्यांच्या नशिबी आला. विशीतला संकोची मुलगा, परक्या देशात, केकच्या बशीपुढे बसून आईच्या व्याख्येने विचारतो आहे! आणि मी चाळिशीतली बाई. आई प्रत्यक्ष शेजारी बसून विचारते आहे, आणि मी तिला माझ्या व्याख्येने उत्तर देते.

नकळत घडलेल्याचे पाप आईला लागत नसेल. पण ती नकळत राहावी ही व्यवस्था कोणी केली? आणि मला आणखी एक गोष्ट टोचत राहिली. मी आईला लहान मूल ठरवले होते. तिला ओमांचे मन राखता येणार नाही, नाही म्हणायची रीत तिला साधणार नाही, असे मी तिच्या वतीने अर्ध्या क्षणात ठरवून टाकले. पस्तीस वर्षे जिने लग्नामुंजीत, बारशात, परक्या घरी हसतमुखाने आपला नेम सांभाळला, तिला!

हे मला वाचनापेक्षा शाळेने जास्त नीट शिकवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे द्यायचे ठरवले. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे. (पुढे २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्यासाठीचा निधी बंद केला, तो वेगळा विषय.) वाटपाच्या वेळी कधी कधी माझी पाळी असे. एका हाताला उकडलेल्या अंड्यांचे पातेले, एका हाताला केळ्यांची पाटी, आणि मी प्रत्येक मुलाला विचारी, “अंडं की केळं?” पहिलीतले पोर, नाक पुसत, क्षणभर विचार करून सांगे, “केळं.” मी केळे देई. त्याने अंडे खाल्ले तर त्याला प्रथिने मिळतील, असे म्हणून ते सोलून, कुसकरून त्याच्या भातात लपवावे, असे माझ्या मनातही आले नाही. सहा वर्षांच्या मुलाला जे विचारायचे, ते मी आईला विचारले नव्हते. आणि तिने आपण होऊन विचारले तेव्हा दडवले होते.

तरीही मी बोलले नसते. खोटे जुने झाले की ते घरातल्या अडगळीसारखे होते, त्याला वळसा घालून चालता येते. पण जानेवारीत आईची पंचाहत्तरी आली. पुतण्या-भाच्यांनी विचारले, आजी, काय करायचे? आई म्हणाली, “तो तिथला फळांचा केक कर म्हणावं हिला. त्या आजींचा.”

मी आधी पळवाट काढून पाहिली. अंड्यावाचून, दही, सोडा आणि आटीव दूध घालून एक केक केला. वाईट झाला नाही, पण तो ढोकळ्याचा सख्खा भाऊ निघाला. दोऱ्याने कापला तर भुगा. आईने चाखून पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितले, “तिथल्यासारखा नाही झाला. काहीतरी कमी आहे.”

काय कमी आहे ते मला ठाऊक होते. संध्याकाळी मी आमच्या गल्लीतले दुकान सोडून दोन गल्ल्यांपलीकडे गेले, सहा अंडी कागदात गुंडाळून घेतली आणि पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. ती जुडी ठेवताना मी थांबले. पहिले खोटे तोंडून निसटले, असे मी इतके दिवस म्हणत आले होते. हे तर निसटत नव्हते. यासाठी मी दुकान बदलले होते, कोथिंबीर विकत घेतली होती. कादंबरीत मी असली पात्रे रंगवते. कादंबरीतल्या खोट्याला निदान वाचकाची संमती असते.

घरी आले. आई देवापुढे वाती वळत होती. मी पिशवी खाली ठेवली, अंडी काढून तिच्यासमोर ठेवली आणि सांगितले. जर्मनीतला तो रविवार, तिचा प्रश्न, माझे उत्तर, सगळे.

आई रागावली असती तर बरे झाले असते. तिने हातातली वात पुरी वळली, ताटलीत ठेवली, आणि गळ्यातल्या माळेला हात लावून बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “दुसरा तुकडा मी मागून घेतला होता.” मग विचारले, “त्या आजींना ठाऊक होतं?”

“नाही.”

“मग त्यांनाही फसवलंस.”

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आणि ते किती खरे होते, ते पुढे कळले. बहिणीने ओमांना सगळा प्रकार सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “मला एका शब्दाने सांगायचे होते. आणलेल्या स्ट्रॉबेऱ्यांतल्या वाटीभर घरी उरल्या होत्या. त्यांवर क्रीम घालून त्यांना दिली असती. माझ्या घरी पाहुण्याने काय खायचे नाही, हे मला कळायला नको?” ज्या बाईचे मन राखण्यासाठी मी खोटे बोलले, तिचे मन मुळी मोडणारच नव्हते. मी दोघी म्हाताऱ्यांना कमी लेखले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई एस. टी. ने आळंदीला गेली. एकटी. मला ये म्हणाली नाही. दोन दिवसांनी परतली, तिने चुरमुरे-बत्ताशांचा प्रसाद सगळ्यांना दिला, मलाही दिला. “काय केलंस तिथे?” मी विचारले. “दर्शन घेतलं,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. पंचाहत्तरीला शिरा केला. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोललेली नाही, नातेवाइकांपाशीही नाही. फक्त तेव्हापासून तो प्रश्न सुरू झाला. आमटीला, भाजीला, शेजारणीच्या वडीला, देवळातून आलेल्या खिरीलाही. मी सांगते: रवा, तूप, साखर, वेलदोडा. ती ऐकून घेते. “एवढंच?” “एवढंच.” मग घास उचलते. माझे यजमान म्हणतात, वयाचे आहे, सोड. त्यांना नाही कळायचे. चाळीस-बेचाळीस वर्षे मी वाढलेले तिने न पाहता खाल्ले होते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बहीण मुलाला घेऊन आली. ओमांनी माझ्यासाठी तिच्याबरोबर ते कळीचे भांडे पाठवले होते. मुलांसाठी मी टोर्ट केली. अंडी ओट्यावर उघडी मांडून केली. मोठ्या भाचीने दोरा ओढला आणि दोन थर निघाले तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. आई पाटावर बसून पाहत होती. मी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या वाटीत काढल्या, त्यांवर साय फेटून घातली आणि वाटी तिच्यापुढे ठेवली. तिने वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“यात काय आहे?”

“स्ट्रॉबेरी. आपल्या दुधाची साय. साखर घातली नाही.”

“वर ते चकचकीत लावतात, ते?”

“नाही लावलं.”

तिने एक फळ उचलले, बोटाने साय बाजूला सारून खालून-वरून पाहिले, आणि खाल्ले.